चुडामणच्या वाट्याचा रोट

जळगाव,
६ जानेवारी २०२५

तीर्थरूप वहिनी,

इथूनच पाया पडतो. पत्र निंबाच्या हाती देतोय. त्याची कंडक्टरची ड्यूटी अजून जळगाव–चोपडा गाडीवरच आहे आणि तुमच्या फाट्यावर तो गाडी थांबवतोच. फोन केला असता, पण तू कानाचं मशीन डब्यात ठेवतेस. मग तुझा लेक प्रेमराज माझं बोलणं तुला ओरडून सांगतो आणि माझ्या घरची खबर तुझ्याआधी शेजारच्या गोठ्यातल्या म्हशींना कळते.

खबर अशी की मी आणि मोहिनी कॅनडाला चाललो, भाविकाकडे, दोन वर्षांसाठी. तिला दुसरं बाळ होणार. ती आणि जावई हितेंद्र, दोघांना नोकऱ्या. पोरं सांभाळायला मोहिनी हवी. माझा तसा काही उपयोग नाही, पण सामानाबरोबर एक माणूस लागतो, म्हणून मी. व्हिसा अजून यायचाय, पण एजंट म्हणतो आलाच समजा.

तो म्हणाला समजा, मी समजलो आणि निरोप घ्यायला सुरुवात केली. डेपोतल्या रिटायर मंडळींनी शाल-नारळ दिला. कॉलनीने दिला. परवा निंबाच्या शेतात माझ्यासाठी भरीत पार्टी झाली. कपाशीच्या पळाट्यांवर वांगी भाजली, कळण्याच्या पुऱ्या होत्या, पन्नासेक माणसं. मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी अर्धा तास बोललो. ‘ही माती’ म्हणालो आणि खाली वाकून चिमूटभर माती कपाळाला लावली. ती राख निघाली. निंबा म्हणतो, भाषणाला घंटी मारायची सोय पाहिजे होती.

सगळ्यांना भेटून झालं, की शेवटी तुझ्याकडे येतो. निवांत दोन दिवस राहीन.

तुझा,
चुडामण


१२ जानेवारी

चि. चुडामणला वहिनीचा आशीर्वाद, सध्या एकच. उरलेले आलास की देईन.

पत्र पोचलं. निंबाने गाडी थांबवून हातात दिलं आणि भाषणाची नक्कलही करून दाखवली. गाडीतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

तू जातोस हे चांगलं झालं. लेकीच्या अडीनडीला नाही जायचं तर कोणाच्या जायचं? पण मला एक सांग, आयुष्यभर तू एसटीत कंडक्टर होतास. आखाजीच्या सणाला माहेरी आलेल्या पोरी परत निघायच्या, आई पायरीला धरून रडायची आणि तू ‘आटपा आता’ म्हणून घंटी मारायचास. आता स्वतःच्या वेळी दोन शाली आणि वर भरीत?

शेवटी-बिवटी येऊ नकोस. नेहमी येतोस तसा ये. वांगी आहेत, तुरीच्या शेंगा आहेत. केळीला पाणी चालू आहे म्हणून प्रेमराज रात्री मळ्यात असतो. मी एकटीच बसलेली असते. मशीन लावलं की ते शिट्टी मारतं आणि कुत्री उठतात, म्हणून लावत नाही.

मंजुळाबाई


जळगाव,
९ मार्च २०२५

तीर्थरूप वहिनी,

लपून लिहितोय. कोणाला सांगू नकोस की मी जळगावात आहे.

व्हिसा अडकला. माझ्या बोटांचे ठसे उठत नाहीत. मशीनवर बोटं ठेवली, पुसून ठेवली, तेल लावून ठेवली. व्हिसा ऑफिसातली पोरगी म्हणाली, काका, तुमच्या बोटांवर रेषाच नाहीत. जन्मभर तिकिटं फाडली आणि नोटा मोजल्या, त्यात गेल्या असतील. मोहिनीचे ठसे एका दमात उठले. ती म्हणते, भांडी घासणाऱ्या बाईचे ठसे उठतात आणि तिकीट फाडणाऱ्याचे झिजतात, हे मी पहिल्यांदाच ऐकतेय. आता पुन्हा बोलावलंय, मग तपासण्या, मग आणखी कागद. केव्हा होईल, कोणी सांगत नाही.

तोवर माझं काय? शाली घेतल्यात, भरीत खाल्लंय, राख कपाळाला लावलीय. कोणत्या तोंडाने बाहेर पडू? भाजी मोहिनी आणते. मी पहाटे गच्चीवर फिरतो. परवा दुधाची पिशवी घ्यायला खाली गेलो, तर समोरच्या घरातले शेजारी भेटले. म्हणाले, ‘अरे, जाऊन आले पण?’ मी ‘हो’ म्हणालो. वहिनी, तोंडातून निघूनच गेलं. मग त्यांनी थंडी कशी होती विचारलं, मी फार होती म्हणालो. बर्फाचं विचारलं, तेही सांगितलं. त्यांना खजूर हवेत. कॅनडात खजूर होत नाहीत हे त्यांना माहीत नाही, आणि मलाही मोहिनीने सांगितल्यावर कळलं.

तुझ्याकडे यायचं मनात आहे. पण आता आलो तर तू विचारशील, निरोपाला आलास का. नाही म्हटलं तर मग कशाला आलास? नेहमीसारखं येणं कसं असतं, तेच विसरायला झालंय.

चुडामण


५ मे

चि. चुडामणला,

आखाजी झाली. तू आला नाहीस. ताप आहे असं मोहिनीने कळवलं. ताप होता की खजूर, ते तिने लिहिलं नाही.

निंबाबरोबर मांडे पाठवले होते, पोचले असतील. खापरावर आता माझ्याने होत नाही, हात भाजतो. सुनेने केले, मी बाजेवर बसून चुका काढल्या. भाविकाला मुलगा झाल्याचं प्रेमराजने सांगितलं. बाळ वेळेवर पोचलं, आजोबा मात्र फलाटावर. हसू नको तर काय करू.

एक गोष्ट तुझ्या कानावर घालते. श्रावणात घरात कानबाई देवी बसेल. तुला माहीतच आहे, घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढायचे, त्याचे रोट करायचे, आणि ते आपणच खायचे, बाहेरच्याला द्यायचे नाहीत. पुनवेच्या आत संपलेच पाहिजेत, उरता कामा नये. भाऊबंदांत आता रुपचंद आबाच थोरले. ते पारावर म्हणत होते, ‘जो घराचा निरोप घेऊन परमुलखात गेला, त्याची मूठ त्या साली काढायची नाही. त्याचा रोट खाणार कोण?’ भाऊबंदांत जुनी रीत आहे म्हणे. तुझे भाऊ होते तोवर मूठ तेच काढायचे, त्यामुळे मला कधी विचारायची वेळ आली नाही.

मी आबांना काही बोलले नाही. त्यांनाही ऐकू येत नाही, मलाही नाही. आमचं भांडण जुळत नाही.

अधूनमधून येत जा. जिवंत माणसाला ताप पुष्कळ येतात.

मंजुळाबाई


जळगाव,
२० जुलै २०२५

तीर्थरूप वहिनी,

व्हिसा आला. माझा आधी आला, मोहिनीचा दोन दिवसांनी. ते दोन दिवस मी घरात फार ताठ चाललो.

२८ तारखेला संध्याकाळी जळगावहून रेल्वे, दुसऱ्या दिवशी रात्री मुंबईहून विमान. प्रेमराजला कळवलंय, तो मुंबईपर्यंत सोडायला येतोय. कानबाई त्याच्या पुढच्या रविवारी आहे. चार-पाच दिवसांनी चुकतेय. तिकीट पुढे ढकलता येईल का विचारलं, तर भाविका रडायलाच लागली. इतके महिने तिने पोरं आणि नोकरी कशी ओढली, तिचं तिला माहीत.

या वेळी कोणाला सांगितलेलं नाही. शाल नाही, भरीत नाही. समोरच्यांना काय सांगू? त्यांच्या लेखी मी जाऊनच आलोय.

आता फक्त तू उरलीस. वहिनी, सरळ लिहितो. सात महिने मी तुला टाळतोय. सगळ्या गावाचा निरोप घेतला तो सोपा होता म्हणून. तू लग्न होऊन आलीस तेव्हा मला चड्डीची नाडी बांधता येत नव्हती. आई गेली ती मला आठवतही नाही, कारण तू होतीस. तुझ्यापुढे उभं राहून ‘येतो’ म्हणायचं आणि दोन वर्षं यायचं नाही, हे मला जमेल असं वाटत नाही. तुझं वय मी मनात धरतो आणि लगेच सोडून देतो.

पण शनिवारी, २६ तारखेला नक्की येतो. सकाळच्या गाडीने. यात बदल नाही.

चुडामण


२४ जुलै

चि. चुडामणला,

शनिवारी येऊ नकोस.

केळीची काढणी आहे. ट्रक येतो, माणसं येतात, घरात पाय ठेवायला जागा नाही. मला तुझ्याशी बोलायला वेळ होणार नाही. गुडघेही धरलेत. निरोप पत्रातून दिला तरी लागतो.

भाविकाला सांग, बाळाला टाळूवर तेल घाल. औषधांची पिशवी हातातल्या बॅगेत ठेव. मोहिनीशी भांडू नकोस, तिथे दुसरं कोणी मराठी बोलणारं मिळायचं नाही.

सुखाने जा.

मंजुळाबाई


मुंबई,
२९ जुलै २०२५, नागपंचमी

तीर्थरूप वहिनी,

विमानतळाच्या बाहेर बाकावर बसून लिहितोय. मोहिनी बॅगांवर बसलीय. पत्र प्रेमराज घेऊन येईल. तो चहा आणायला गेलाय, आणि चहाचा भाव ऐकून परत येतो की नाही याची मला शंका आहे.

तुझं ते पत्र वाचून मला राग आला होता. म्हटलं, हिला केळी मोठी झाली. शनिवारी आलो नाही. रविवारीही चिडून बसलो. सोमवारी, काल सकाळी, उठलो आणि मोहिनीला म्हणालो, कुलपाला तेल आणतो. तिने पायातले चांगले बूट बघितले. फक्त म्हणाली, ‘चार वाजायच्या आत या.’

चोपड्याच्या गाडीत बसलो. कंडक्टर कोणी नवीन पोरगी होती. तिला मी सांगितलं नाही की मी कोण. मनात होतं की कुठेतरी ओळख निघेल आणि ती उठून उभी राहील. निघाली नाही. विदगावच्या पुलाच्या अलीकडे काम चालू आहे, एका वेळी एकाच बाजूच्या गाड्या सोडतात. आमची थांबली, समोरून चोपड्याहून येणारी निंबाची गाडी हळूहळू पुढे आली. माझ्या खिडकीला खिडकी लागली आणि त्या खिडकीत तू. मांडीवर पिशवी, डोक्यावर पदर, आणि तोंडावर अशी लबाडी, की पाहत राहावं.

आमची गाडी तेवढ्यात सुटली. मी उठून घंटीची दोरी ओढली. पोरगी ओरडली, ‘काका, दोरीला हात लावायचा नाही. तो कंडक्टरचा अधिकार आहे.’ वहिनी, हे वाक्य मी जन्मभर दुसऱ्यांना ऐकवलंय. माझ्यावर कोणी म्हटल्यावर ते किती लागतं ते कळलं. पण गाडी थांबली, निंबानेही त्याची थांबवली. चिखलातून पळत निंबाच्या गाडीत चढलो. चांगले बूट घोट्यापर्यंत भरले.

तू विचारलंस, कुठे निघालो म्हणून, ‘कथा चालना रे?’

मी म्हणालो, ‘तुनाकडे.’

‘मी बी तुनाकडेच. घर जावानं नही आते. बस आठे.’

मी म्हटलं, गाव पाऊण तासावर आलंय, घराला डोळे भरून बघून येतो. तू माझी बाही धरली ती जळगाव येईपर्यंत सोडली नाहीस. निंबाने त्या अवस्थेत माझं तिकीट फाडलं. तुझं फुकट, मला मात्र पैसे. म्हणाला, ‘भाऊ, तुम्हीच शिकवलंय, ओळख डेपोत, गाडीत तिकीट.’

पुढचा रस्ता तू खिडकीबाहेर बघत होतीस. गाडीचा खडखडाट, तुझा कान. मला वाटलं, आता काही बोललं तरी वाऱ्यावर जाणार. म्हणून बोललो. काय बोललो ते इथे लिहीत नाही, लाज वाटते. मागच्या सीटवरचा माणूस उठून पुढे जाऊन बसला, यावरून समज.

घरी मोहिनीने तुला बघितलं आणि स्वयंपाकघरात जाऊन रडून आली. तिला कुलपाचं तेल लागलंच नाही. तू दोन घास खाल्लेस, माझ्या बॅगेची चेन लागत नव्हती ती गुडघा देऊन लावलीस, आणि तीनच्या गाडीने निघते म्हणालीस. स्टेशनवर चल म्हटलं तर नाही म्हणालीस.

बसस्टँडवर तू वर खिडकीत आणि मी खाली. मी काहीतरी चांगलं बोलायचं ठरवलं होतं. तोंडातून निघालं, ‘पिशवी संभाळ.’ निंबा पायरीवर उभा होता, दोरीला हात लावून. मी वाट बघत होतो की आता मारेल. त्याने मारली नाही. लोक ओरडायला लागले, तरी मारली नाही. शेवटी मीच खालून त्याला मानेने खूण केली. डबल बेल झाली आणि तू गेलीस.

अडतीस वर्षांत मी स्टँडवर खाली उभा राहून गाडी जाताना पहिल्यांदा बघितली.

प्रेमराज चहा घेऊन आला, एकच कप, तीन भाग करायचे आहेत. घराचं दर्शन राहूनच गेलं, तेवढी एक खंत आहे.

चुडामण


११ ऑगस्ट

चि. चुडामणला,

या कागदाचा फोटो काढून प्रेमराज तुझ्या मोबाईलवर टाकेल. अक्षर लहान दिसलं तर तिथे बोटांनी मोठं करता येतं म्हणतो. तुझ्या बोटांना जमत नसेल तर मोहिनीला दे.

तू काय बोललास ते पत्रात लिहिलं नाहीस. लिहायची गरज नव्हती. मशीन लावलं होतं. जळगावला यायचं म्हणून सकाळी डब्यातून काढलं, पदराखाली होतं, शिट्टीही मारत नव्हतं. सगळं ऐकलं. मागचा माणूस उठून गेला, पण मी कुठे जाऊ? तू म्हणालास, ‘वहिनी, मी परत येईन तेव्हा तू नसलीस, तर मी फाट्यावर उतरून कोणाच्या दारात जाऊ?’ मी खिडकीबाहेर बघत राहिले, कारण तुझ्याकडे बघितलं असतं तर दोघांचंही हसं झालं असतं. केळीची काढणीही नव्हती. केळी अजून दीड महिन्याने निघेल. थापा तुलाच मारता येतात असं समजू नकोस.

शनिवारी रोटाचे गहू काढायला सगळे भाऊबंद ओट्यावर जमले. मूठ रुपचंद आबांची. प्रेमराजची काढली, नातवाची काढली. मी म्हटलं, ‘आते चुडामणनी.’ आबा म्हणाले, तो निरोप घेऊन गेला. मी विचारलं, केव्हा घेतला? या घरात तो आखाजीला आला नाही, श्रावणात आला नाही, सात महिन्यांत उंबऱ्याला पाय लावला नाही. मला रस्त्यात भेटला. रस्त्यात माणसं रोज भेटतात. आणि जळगावला निरोप कोणी घेतला, विचारा निंबाला. गाडीत बसून गेली ती मी. चुडामण खाली उभा होता. जाणारी मी, आणि मी तर परत आले.

आबांनी हे तीनदा ओरडून सांगून घेतलं. मग म्हणाले, ‘पण खाणार कोण?’

मी म्हटलं, मी.

म्हणून तुला घरी येऊ दिलं नाही, बाबा. आला असतास तर देवापुढे डोकं टेकवलं असतंस, उंबऱ्यावर रडला असतास, चार बायका बघायला आल्या असत्या, आणि मग मला आबांपुढे खोटं बोलता आलं नसतं. भाषणं करायची तुला सवय, कपाळाला काय लावलं असतंस कोणास ठाऊक.

तुझी मूठ आबांनी सव्वा म्हणून चांगली दीड काढली. मुद्दामच. पाच दिवस तुझा वाटा खाल्ला, दुधात कुस्करून. पुनवेच्या सकाळी शेवटचा तुकडा संपला. पोट दोन दिवस धड नव्हतं. प्रेमराजने डॉक्टर आणला. डॉक्टर म्हणाला, आजी, या वयात एवढं कोण खातं? मी म्हटलं, माझं मी नाही खाल्लं, दिराचं खाल्लं. त्याने प्रेमराजकडे बघितलं आणि माझं डोकंही तपासलं.

गाडीत विचारलंस त्याचं उत्तर एवढंच आहे. पुढच्या वर्षी श्रावणातही तुझा वाटा मी खाईन, कसाही खाईन. त्याच्या पुढच्याला तुझा तू येऊन खा. माझे चार दात राहिलेत आणि पोट एक, तिसऱ्यांदा माझ्याने होणार नाही. फाट्यावर उतर आणि सरळ घरी ये. मी ओट्यावरच असते.

मंजुळाबाई